बिनमायेचं कापड

“आई, कात्री खाली ठेव आधी.”

“का? मी काय तुझ्यावर उगारलीय?” टेलरबाई म्हणाली, पण कात्री ठेवली. समोर एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड खडूच्या रेघांनी भरलं होतं.

“मोठ्या कॉलेजला मी नाही म्हणून कळवतेय. दुसऱ्या कॉलेजला जाते. तिथे शिष्यवृत्ती मिळतेय.”

टेलरबाई मटकन स्टुलावर बसली. मुलीचं डोकं आकड्यांत चालायचं, आणि मोठ्या गुंतवणूक बँकेत जायचं हा तिचा शाळेपासूनचा ध्यास. नामांकित कॉलेजात नंबर लागला तेव्हापासून आईचे पाय जमिनीवर नव्हते. बाही मापता मापता तिने प्रत्येक गिऱ्हाइकाला ते नाव ऐकवलं होतं. नुसतं बटण लावून घ्यायला आलेलाही सुटला नव्हता. फीसाठी दुकानाचा गाळा विकायचा, हेही तिने परस्पर ठरवलं होतं.

“गाळा माझा आहे. विकीन, नाहीतर डोक्यावर घेऊन नाचेन,” ती उसळली. “त्या कॉलेजच्या दारात बँका स्वतः चालत येतात. तुझ्या त्या कॉलेजात काळं कुत्रं तरी फिरकतं का?”

“नाही फिरकत. मग मीच जाईन त्यांच्या दारात. तिथून बँकेत लागलेल्या एका ताईशी बोललेय मी. ती म्हणाली, पहिल्या वर्षापासून इंटर्नशिपसाठी उंबरे झिजव. अवघड आहे, पण होतं.”

“आणि नाही झालं तर?”

“मोठ्या कॉलेजात जाऊनही नाही झालं तर? दुकान गेलेलं, तू दुसऱ्याकडे शिवायला बसलेली, आणि मी मिळेल ती नोकरी धरलेली.” मुलीने खडूच्या रेघेबाहेरच्या पट्टीवर बोट ठेवलं. “हे काय सोडलंयस?”

“माया.”

“मग मलाच का बिनमायेचं कापतेस?”

शिवणीत राखलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं, म्हणून ती सोडायची. ममतेलाही मायाच म्हणायचं आणि गाठीशी असलेल्या पैशालाही. शब्द मोठा चलाख आहे. टेलरबाईने आजवर परक्याचंही कापड माया सोडल्याशिवाय कापलं नव्हतं. तिला राग आला, हसू आलं, रडूही आलं, सगळं एकदमच.

“त्या बँकवाल्यांचं काही खरं नाही,” ती नाक ओढत म्हणाली. “त्यांनाही अशीच गुंडाळशील तू.”

“गुंडाळेन की!”

निर्णय झाला, तरी बाईला वाईट वाटलंच. ते मोठं नाव उच्चारायला तिला फार आवडायचं. आता ज्याला ज्याला ती ते सांगत सुटली होती, त्या प्रत्येकाला नवं सांगणं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या औषधाच्या दुकानातली बाई पिशवीचा बंद शिवून घ्यायला आली. “काय मग, लेकीची मोठ्या कॉलेजची तयारी जोरात?”

एरवी टेलरबाई मशीन चालवतच बोलायची. आज तिने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

“तिथे नाही जात ती,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या कॉलेजचं नाव सावकाश, पुरतं सांगितलं.

“हे कधी ऐकलं नाही हो.”

“ऐकाल,” टेलरबाई म्हणाली आणि तिने पिशवी सुईखाली घेतली.