दर्भाचा कावळा

रामकुंडावरच्या कावळ्यांना पिंडाचं कसलं कौतुक? सकाळपासून त्यांची पोटं भरलेली. पण कुसुमताईंना हे कोण सांगणार? गौरांगच्या दहाव्याचा पिंड पाऊण तास तसाच पडून होता, आणि लेकाची काहीतरी इच्छा अडकली आहे, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं.

एकेकाने पुढे होऊन हात जोडले. वडील दिवाकरराव म्हणाले, "बाळा, मोटारसायकल मीच घेऊन दिली. माझं चुकलं. तुझ्या ओवीचं शिक्षण मी बघतो." कावळे ढिम्म. मग सून यशश्री पुढे आली. "सकाळी मी भांडले नसते तर तू रागात गेला नसतास," एवढंच बोलली आणि पायरीवर बसली. दहा दिवस ती हेच म्हणत होती, नातेवाईकही हेच कुजबुजत होते, आणि कुसुमताई तिच्या पाठीवरून हात फिरवत गप्प होत्या.

खरं काय ते त्यांनाच माहीत होतं. "आई, गाडीवर आहे. घरी आल्यावर बोलू," गौरांग फोनवर म्हणाला होता. त्यांनी सोडलं नाही. सुनेचं गाऱ्हाणं सांगत राहिल्या, चांगली चार मिनिटं. मग आडगाव नाक्याजवळचा तो आवाज त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकला. त्याच्या फोनचा पार चुरा झाला होता, त्यामुळे शेवटचा फोन कोणाचा होता, हे विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

सांगावं तर सून कायमची तुटणार, आणि तिच्याबरोबर ओवीही. आत्ताही पाच वर्षांची ओवी आजीचंच बोट धरून उभी होती. न सांगावं तर लेक असा ताटकळत राहणार.

मागे दुसरी मंडळी खोळंबली होती. "दर्भाचा कावळा करून शिवतो, शास्त्राला चालतं," म्हणत गुरुजींनी गवताच्या काड्यांना गाठ मारली.

"थांबा गुरुजी," कुसुमताई म्हणाल्या. आणि पिंडाकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, चारही मिनिटं सांगून टाकली. "तिचा दोष नाही रे. मीच तुला फोनवर धरून ठेवलं. आता तरी घे."

एक कावळा उडाला आणि पलीकडच्या कोणाच्यातरी पिंडावर जाऊन बसला. गुरुजींनी दर्भ टेकवला, म्हणाले, "झालं."

यशश्री उठून समोर आली. "काय सांगत होतात माझ्याबद्दल?"

"पोळ्या," कुसुमताई म्हणाल्या. "जाड झाल्या होत्या."

यशश्रीने आजीच्या बोटाभोवतीची ओवीची मूठ सोडवली, तिला कडेवर घेतलं आणि ती पायऱ्या चढू लागली.