घाटगाडीचा खटका

रहमतुल्ला मिस्त्रीच्या घरात दखनी बोलली जायची, पण मिस्त्रीला राग आला की तो मराठीवर यायचा. तीस वर्षं जत्राजत्रांतून पाळणे चालवताना गिऱ्हाइकांशी आणि पावतीवाल्यांशी भांडून भांडून त्याची रागाची भाषा तीच होऊन बसली होती. त्यामुळे चौसाळ्यातल्या त्याच्या पत्र्याच्या शेडमधून खणखणीत मराठी ऐकू आली, की शेजारीपाजारी समजून जायचे, आज बापलेकीचं वाजलंय.

गेले दोन महिने ते रोजच वाजत होतं. मिस्त्रीची एकुलती एक लेक यास्मिन आयटीआयमधून फिटर होऊन आली आणि येताना डोक्यात एक खूळ घेऊन आली. तिला रोलरकोस्टर बांधायचा होता. तोही शेडमागं पडलेल्या बापाच्याच पाइपांचा. पंधरा फूट चढ, एक मोठा उतार, दोन छोटे उंचवटे, एक वळण आणि गाडीत सहा लेकरं. तिनं पाहिलेल्या एकाही जत्रेत असलं काही नव्हतं.

मिस्त्रीनं शेवटी एकदाचं सांगून टाकलं. "भैरवनाथाच्या यात्रा कमिटीनं हो म्हणलं, तर वेल्डिंग मी करतो. न्हाई म्हणलं, तर पाईप जातील भंगारात आन् तू जाशील पुण्याला तुझ्या खालाकडं, नोकरीला. मग पुन्ना ह्या पायपांच्या डोंगराचं नाव काढायचं न्हाई."

पुण्याची नोकरी काही काळं पाणी नव्हती, हे यास्मिनलाही कळत होतं. पण ज्याचं बोट धरून ती जत्रांत वाढली, त्याच्या पाळण्याशेजारी आपल्या हातचं काहीतरी उभं राहावं, असं तिला फार वाटायचं. इतकं, की कुणी नुसतं पुण्याचं नाव काढलं तरी ती उठून शेडमागच्या पाइपांकडं निघून जायची.

कमिटीत माणसं सात, पण चालायचं दोघांचं. एक अध्यक्ष बद्रीनाथ अण्णा, गावचे मोठे बागायतदार. दुसऱ्या चंद्रभागाबाई, कमिटीतल्या एकट्याच बाई, ज्यांच्यापुढं अण्णासुद्धा आवाज चढवत नसत. यास्मिननं देवळाच्या सभामंडपात आपला नकाशा पसरला. अण्णांनी तो उलटा धरून बराच वेळ मान डोलावली आणि म्हणाले, "कागदाचं काय खरं न्हाई बाई."

"ही तर घाटगाडी हाय," अंगद नावाचा तरणा सभासद म्हणाला. "मांजरसुंब्याला जा की, घाट फुकटात हाय."

सगळे हसले. चंद्रभागाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या नकाशातल्या चढाकडं बघत होत्या. "पोरी, आदी लहान करून दाव," त्या म्हणाल्या. "पर चालती दाव. नुस्ती शोभंची नको. पंधरा दिसानं ये."

आता लहान म्हणजे कशाची? लोखंडाची करायची तर पंधरा दिवस पुरणार नव्हते. शेवटी बीडचा मामू मुजाहिद धावून आला. मामूचा धंदा भंगाराचा. त्याच्या गोदामात एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची दोन पोती पडून होती, शहरातल्या लाडावलेल्या पोरांनी खेळून टाकलेली. त्यांत लांब पट्ट्या होत्या, दातेरी चाकं होती, कडीत कडी अडकवायची साखळीसुद्धा होती. यास्मिननं दोन्ही पोती शेडमध्ये ओतली, रंगांकडं न बघता मापाप्रमाणं ढीग लावले आणि मांडी घालून बसली.

मिस्त्री म्हणाला, मला काय त्याचं. म्हणाला खरा, पण दर अर्ध्या तासाला पाणी प्यायला म्हणून तो तिथं यायचा. माठ पलीकडच्या खोलीत होता.

आठव्या दिवशी रूळ उभा राहिला, तिच्या कमरेइतका उंच. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर साखळी ओढायची, साखळी गाडीला चढावर न्यायची आणि तिथून गाडी आपल्या भारानं सुटायची. सुटायची आणि वळणावर बाहेर उडायची. यास्मिननं वळणाची बाहेरची बाजू उचलून घेतली, तरी उडायची. विसाव्यांदा गाडी कोपऱ्यात जाऊन पडली, तेव्हा मिस्त्रीनं ती उचलली आणि खिशातले चार नट काढून तिच्यात बसवले.

"रिकामी गाडी उडतीच," तो म्हणाला. "पोरं बसल्यावर वजन येणारच हाय, ते आत्ताच ठेव की."

गाडी वळली, दोन्ही उंचवटे ओलांडून खाली येऊन थांबली. यास्मिनला हसू आवरेना. मिस्त्री पाणी न पिताच निघून गेला.

खरं भांडण झालं ते खटक्यावरून. यास्मिननं गाडीच्या पोटाला एक छोटी जीभ लावली होती आणि चढाच्या मधोमध, खालपासून वरपर्यंत, दाते बसवले होते. गाडी वर जाताना जीभ दात्यावरून उडी मारायची, कट्, कट्, कट्. मागं मात्र येऊ शकायची नाही, आली की दात्यात अडकायची.

"ही कटकट काढून टाक," मिस्त्री म्हणाला. "आवाज आयकून कमिटी म्हणंल, पहिल्याच दिवशी मशीन खिळखिळं झालं. माझा पाळणा बघ, कधी वाजतो का?"

"अब्बा, पाळणा गोल फिरतो. ही चढती. चढावर खटका लागतोच."

"साखळी हाय ना ओढायला?"

"आन् साखळी थांबली तर?"

"माझं मशीन थांबत न्हाई," मिस्त्री म्हणाला. झालं, दोन दिवस अबोला. खटका राहिला, पण बाप चहाचा कपसुद्धा लेकीच्या हातून घेईना.

पंधराव्या दिवशी सकाळी टेम्पोत गाद्या घालून, त्यावर ती रंगीबेरंगी घाटगाडी ठेवून दोघं देवळात पोचले. कमिटीबरोबर निम्मं गाव जमलं होतं. यास्मिननं तारा जोडल्या आणि बटणाकडं हात नेला, तोच मिस्त्री म्हणाला, "थांब. आदी नारळ."

त्यानं पिशवीतून नारळ काढला, हळदकुंकू काढलं, पुडीत बांधलेल्या अक्षतासुद्धा काढल्या. नवं मशीन, आणि भैरवनाथाच्या दारात नारळाशिवाय सुरू करायचं? तीस वर्षांत त्याचा पाळणा कधी तसा फिरला नव्हता. त्यानं पायरीवर नारळ फोडला आणि पुडी चंद्रभागाबाईंच्या हातात दिली. अंगदनं नव्या ट्रॅक्टरला ठेवतात तसं चाकाखाली लिंबू ठेवून पाहिलं, पण लिंबूच गाडीपेक्षा मोठं निघालं, म्हणून ते वाचलं. बाईंनी रुळाला हळदकुंकू वाहिलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. तांदूळ साखळीवर सांडताना यास्मिननं पाहिले. "थांबा" हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. पण बापानं आणलेल्या पूजेला देवाच्या दारात नको कसं म्हणायचं? तिनं तो शब्द गिळला आणि बटण दाबलं.

कट्, कट्, कट्. गाडी चढू लागली. पोरं पुढं सरकली. चढ निम्मा झाला आणि मोटर घरघरली, साखळीनं एक आचका दिला आणि सगळं थांबलं.

"गेली," अंगद म्हणाला. "घाटात बंद पडली."

मिस्त्रीचा चेहरा पडला. त्याला दातेरी चाकात अडकलेला तांदळाचा दाणा दिसत होता आणि तो दाणा आपणच घरून बांधून आणला, हेही कळत होतं. यास्मिनच्या डोळ्यांपुढं पुण्याची एसटी उभी राहिली. तिनं गाडी काढायला हात पुढं केला.

"हात लावू नगं," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

त्या उठून जवळ आल्या आणि वाकून बघू लागल्या. "ही मागं कावून येईना?"

"खटका हाय, मावशी. वर जाती, खाली येत न्हाई. साखळी तुटली तरी जागेवर ऱ्हाती."

बाईंनी गाडीला बोट लावून मागं ढकललं. गाडी हलली नाही. त्यांनी अंगठ्यानं जोर लावला. सगळा डोलारा थरथरला, पण गाडी तिथंच.

"लांबच्या एका जत्रेत गेलतो आमी, तीन वर्सं झाली," बाई म्हणाल्या. त्या गाडीकडंच बघत होत्या. "झुकझुकगाडी व्हती, चढावरची. लाईट गेली आन् गाडी मागं आली. आमची नात संस्कृती आत व्हती. हात मोडला पोरीचा. आजून कशात बसत न्हाई ती." मग त्या यास्मिनकडं वळल्या. "आन् वर आडकल्याली लेकरं खाली कशी आनायची?"

यास्मिननं चढाच्या कडेवरून बोट फिरवलं. "ते सुचलंच न्हाई मला," ती म्हणाली. "चढाच्या कडंनं जिना करते. कठड्यासकट."

"जिना झाला की आदी मी बघनार. मग पोरं बसतील." बाई अण्णांकडं वळल्या. "लिवून घ्या. पाळण्याच्या शेजारची जागा हिची."

अण्णांनी लिहून घेतलं. यास्मिननं ओढणीची टाचणी काढून दाणा उकरला आणि बटण पुन्हा दाबलं. गाडी चढली, सुटली, वळली, दोन्ही उंचवट्यांवरून गेली आणि खाली येऊन थांबली. पोरांनी ती अकरा वेळा फिरवायला लावली. शेवटच्या तीन वेळा बटण अंगदनं दाबलं.

परतताना टेम्पोत मिस्त्री खिडकीशी बसला होता. चौसाळ्याचा फाटा दिसायला लागल्यावर तो बोलला, तेही मराठीत. यास्मिनला वाटलं, आता वाजणार. पण त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यानं खिडकीकडं तोंड केलं होतं.

"तो खटका," तो म्हणाला, "लोखंडाचा करू. जाड पट्टीचा."

"आवाज लई यील, अब्बा."

"यीऊ दे," मिस्त्री म्हणाला. "खाली उभ्या ऱ्हायलेल्या आयांना आयकू गेला पायजे."