हेड्याची पारख

झुलालनं उजवा हात खांद्याच्या वर नेला आणि खुर्चीत बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्याच्या कानशिलाच्या रोखानं सपकन खाली आणला. गालापासून चार बोटांवर तो थांबला. वाऱ्यानं म्हाताऱ्याची पांढरी झुलपं हलली. म्हातारा हलला नाही. त्यानं त्या हाताकडे पाहिलं, कोणी प्रसाद वाटत असावं तसा आपला तळवा पुढे केला आणि काही मिळत नाही असं दिसल्यावर तो परत मांडीवर ठेवला.

"ओ भाऊ!" व्हरांड्याच्या टोकाकडून सायरबाई धावत आल्या. "गुरुजींना मारता की काय?"

"मारत नाही. पाहतोय."

"काय पाहताय?"

"तुमचा आश्रम," झुलाल म्हणाला आणि पुढच्या खुर्चीकडे वळला.

झुलाल एरंडोलजवळच्या एका खेड्यातला हेड्या होता. गुरांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा यांच्या मध्ये उभं राहून तो दोघांचंही भलं करायचा आणि दोघंही त्याला शिव्या द्यायचे. ही विद्या त्याला बापाकडून, उखर्डू नानांकडून मिळाली होती. नानांचं म्हणणं असं, की बैलाचे दात खोटं बोलतात, कारण ते कानशीनं घासता येतात. शिंगं खोटं बोलतात, कारण ती रंगवता येतात. विकणारा तर बोलूनचालून विकणाराच. खरं बोलते ती फक्त मान. बैलाच्या तोंडापुढे एकदम हात उगारावा. जो नुसता पाहत राहतो, तो सुखाच्या घरचा. जो डोळे मिटून मान आत घेतो, त्याच्या घरी पराणीची टोचणारी काठी चालते, आणि असा बैल आज ना उद्या कोणाच्या तरी पोटात शिंग घालणार.

"जनावर नंतर देख," नाना म्हणायचे, "आधी धनी देख."

आता नानांनाच कुठं ठेवायचं हे पाहण्याची वेळ आली होती. गाव म्हणायचं, नानांना चकवा लागला. जळगावच्या डॉक्टरांनी त्याला डिमेन्शिया म्हटलं. उतारा दोघांकडेही नव्हता. दोन वर्षांत नानांनी तांब्या फेकून सुनेचा, भागाबाईचा, पुढचा दात पाडला होता आणि शेजारणीच्या दंडाचा लचका तोडला होता. मग एका सकाळी ते गोठ्यात गेले आणि विकायला आणलेल्या गोऱ्ह्याच्या डोळ्यात त्यांनी पराणीची आर खुपसली. गोऱ्ह्याचा डोळा गेला तेव्हा झुलालला डॉक्टरांचं पटलं.

डॉक्टरांनीच ही जागा सुचवली. पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना डाव्या हाताला लांबलचक बैठी इमारत, दारावर पाटी: कै. सुगनबाई स्मृती निवास. स्मृती ती काय पाटीवर; आत राहणाऱ्यांपैकी कोणाकडेच ती नव्हती. सुगनबाई ही सायरबाईंची सासू. शेवटची काही वर्षं तिनं सुनेला न चुकता मारलं होतं. ती गेल्यावर सुनेनं घरचं कापसाचं गोदाम रिकामं करून त्यात हे सुरू केलं आणि वर सासूचं नाव घातलं. यात भक्ती किती आणि वचपा किती, हे धुळ्यातल्या त्यांच्या मारवाडी नातेवाइकांना सत्त्याण्णव साल उजाडलं तरी ठरवता आलं नव्हतं.

झुलालचं मात्र ठरलं होतं. परका माणूस नानांच्या अंगावर हात टाकणार असेल, तर आलेल्या जीपनं त्यांना परत न्यायचं. त्यानं स्वतः नानांना कधी मारलं नव्हतं. समज दिली होती. नाना ऐकेनासे झाले की समज, भागाबाई उलट बोलली की समज. लहानपणी नानांनी त्याला दिलेल्या समजेची एक खूण त्याच्या डाव्या भुवईत अजून होती; तेवढ्या जागेत केस उगवत नसत. घरच्यानं दिली तर ती समज, परक्यानं दिला तर तो मार, एवढा साधा फरक न कळणारी माणसं जगात असतात, म्हणून तर तो पारख करायला जातीनं आला होता.

नानांना आणि भागाबाईला त्यानं दाराजवळच्या बाकावर बसवलं होतं. नानांचं गाठोडं त्यांच्या पायाशी होतं. भागाबाईची कापडी पिशवी तिच्या मांडीवर होती, आणि ती तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

झुलाल खुर्चीमागून खुर्ची करत गेला. एका म्हाताऱ्यानं उगारलेला हात धरून तो जोरजोरानं हलवला आणि "कधी आलात?" म्हणून विचारलं. एकानं त्या हाताकडे पाहून जांभई दिली. नऊवारीतली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मार ना मेल्या! मार! तुझ्या बापानं मारलं होतं कधी?" सायरबाई कमरेवर हात ठेवून मागून चालत होत्या. त्यांच्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. पट्टीवर दातांच्या आकारात रक्त उमटलं होतं.

"झाली का परीक्षा?" त्यांनी विचारलं.

"जनावरं चांगली आहेत," झुलाल म्हणाला, आणि मग म्हणाला, "माणसं."

तेवढ्यात बायकांच्या खोलीतून भांडं आपटल्याचा आवाज आला. झुलाल दारात पोचला तेव्हा ताईबाई नावाची एक काटकुळी म्हातारी स्टीलचं ताट दोन्ही हातांनी धरून पुनाच्या डोक्यात घालत होती. पुना हा तिथला कामकरी, पहिलवानी अंगाचा. ताटाच्या कडेनं त्याचं कपाळ फाटलं आणि रक्त नाकावरून ओठांत आलं. वरणभात भिंतीवर होता. ताईबाईनं पुन्हा ताट उचललं.

झुलालनं ताईबाईकडे पाहिलं नाही. तो पुनाच्या हातांकडे पाहत होता. नानांचा धडा होता तो. आता उठतील, त्याला वाटलं. एवढा जोर अंगात असलेला माणूस किती वेळ सोसेल? पुनाचे हात उठले आणि पाठीमागे गेले. तिथं त्यांनी एकमेकांना घट्ट धरलं.

"आज लई जोर शे, ताईबाई," पुना म्हणाला. "घ्या, आजून एक घ्या मारी."

ताईबाईनं आणखी एक मारलं. मग तिचे हात दुखले असावेत. ताट तिनं स्वतःच खाली ठेवलं, पदरानं पुनाच्या नाकावरचं रक्त पुसलं आणि विचारलं, "कोन रे मारं तुले?"

पुना तोंड धुवायला मागच्या बाजूला गेला. झुलाल त्याच्या मागोमाग गेला. पारख अर्धवट सोडायची नाही, असा धंद्याचा नियम होता. बाजारात गरीब दिसणारा मालकही घराच्या वाटेवर पराणी काढतो.

"राग येत नाही?" त्यानं विचारलं.

"येस ना. का बरं येवाव नही?"

"मग?"

पुनानं हनुवटीनं दाखवलं. हौदाच्या पलीकडे कडुनिंबाचं झाड होतं. गुडघ्याच्या उंचीवर त्याची साल सगळीकडून निघून गेली होती आणि आतलं लाकूड पायांनी घासून गुळगुळीत झालं होतं. पुना झाडाशी गेला, एक पाऊल मागे सरकला आणि बुंध्यावर त्यानं अशी लाथ घातली की वरचे कावळे उडाले. आणखी दोन घातल्या. मग ओला टॉवेल कपाळाला बांधून तो भिंतीवरचा वरणभात खरवडायला गेला.

झुलालनं त्या गुळगुळीत लाकडावरून बोट फिरवलं. चांगला बैल सापडल्यावर त्याच्या तोंडात जसं पाणी सुटे, तसं सुटलं.

परत आला तेव्हा सायरबाई नानांपुढे उकिडव्या बसून त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या वर करत होत्या. दोन्ही मनगटांवर काळपट वळ होते.

"हे काय?"

"कासरा," झुलाल म्हणाला. "रात्री बाजेला बांधतो, पडू नयेत म्हणून. जुना आहे. मऊ."

सायरबाईंनी बाह्या खाली केल्या आणि बटणं लावली. "आमच्याकडे सगळं आहे, भाऊ," त्या उठता उठता म्हणाल्या. "पंखे आहेत, डॉक्टर येतात. नाही ती बाई. बायकांच्या खोलीला बाई टिकत नाही. काम अवघड नाही काही. मार खायचा आणि परत द्यायचा नाही. राहणं-जेवणं इथंच, पगार वर. पण एवढं साधं जमत नाही लोकांना."

भागाबाईनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. नानांनी सकाळी निघताना ओरबाडलेला तिचा गाल अजून लाल होता.

झुलालच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. जागा पसंत होती. नानांना इथं कोणी हात लावणार नव्हतं. आता आपणही काही कमी नाही, एवढं या मारवाडणीला दिसावं, असं त्याला वाटलं. बाजारातही तो हेच करायचा: सौदा जुळला की आपल्या घरची जोडी दाखवायची.

"तुमचं पास झालं, सायरबाई," तो म्हणाला. "आता घरचा माणूस कसा असतो तेही बघून ठेवा. दोन वर्षं सांभाळलंय. डोळासुद्धा मिटणार नाही."

आणि त्यानं नानांपुढे हात उगारला.

नानांनी डोळे गच्च मिटले. मान खांद्यांत गेली, दोन्ही कोपरं डोक्यावर आली, आणि बाजेखाली शिरावं तसे ते बाकाखाली शिरू लागले. त्यांच्या घशातून बारीक, गोऱ्ह्यासारखा आवाज निघाला. धोतर ओलं झालं आणि फरशीवर पाणी पसरत सायरबाईंच्या चपलेपर्यंत आलं. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

व्हरांड्यातली माणसं आपापल्या जागी शांत होती. गुरुजींनी तळवा पुढे केला होता.

झुलालचा हात वरच होता. त्यानं नानांकडे पाहिलं, सायरबाईंकडे पाहिलं आणि मग त्याला उत्तर सापडलं. तो भागाबाईकडे वळला.

"तू मारस का नानाले?"

"मी?" भागाबाई म्हणाली. तिच्या दाताच्या जागी काळी फट दिसली.

हात वर होताच, त्याला फक्त दिशा बदलायची होती. भागाबाईनं डोळे मिटले. मान आत गेली, डावा खांदा वर आला, पदराआडची कोपरं डोक्यावर गेली. हुबेहूब नानांसारखी. एकाच गोठ्यातली, एकाच जुवाखाली वाढलेली जोडी असावी तशी.

या वेळी तो हात चार बोटांवर थांबणारा नव्हता. वरणभात खरवडून व्हरांड्यात आलेल्या पुनानं तो धरला. इथल्या सगळ्यांचा धरायचा तसाच धरला, न दाबता.

"भाऊ," पुना म्हणाला, "निंब मांगे शे."

बाकाखालून नानांनी एक डोळा उघडला. ते भागाबाईकडे पाहत होते, तिच्या मानेकडे, वर आलेल्या खांद्याकडे. बऱ्याच दिवसांत न दिसलेली धार त्या डोळ्यात आली.

"मार खायेल शे," ते म्हणाले. आवाज भर बाजारातला होता. "लेऊ नको, झुलाल. धनी देख आधी."

मग ती धार गेली, आणि ते पुन्हा बारीक आवाजात रडू लागले.

भागाबाई खाली बसली. नानांचं डोकं बाकाच्या कडेला लागू नये म्हणून तिनं मध्ये हात धरला आणि त्यांना बाहेर काढलं. नानांनी तिच्या तोंडावर एक चापट मारली. तिनं ती घेतली, गाठोडं सोडलं आणि कोरडं धोतर बाहेर काढलं. सायरबाई हे सगळं उभ्या उभ्या पाहत होत्या. मघाशी झुलाल पुनाकडे पाहत होता, साधारण तसंच.

"चाल," झुलाल म्हणाला. "जीपवाला खोळंबना."

भागाबाईनं आपली पिशवी मांडीवरून उतरवली होती. ती तिनं उचलली आणि भिंतीपाशी, नानांच्या गाठोड्याला लागून ठेवली.

"नानाले जागा नवी शे," ती फरशीकडे पाहत म्हणाली. "मी राहसू आठे."

"घरना सैपाक कोन करी?"

ती नानांच्या कमरेला धोतर गुंडाळत होती. सायरबाई पुढे झाल्या आणि झुलालच्या व तिच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"नाव काय म्हणालात, ताई?"

"भागाबाई."

झुलालनं पुनाकडे पाहिलं. पुनाचे हात पाठीमागे होते. झुलाल थोडा वेळ थांबला, कोणी काही म्हणेल म्हणून. पलीकडे ताईबाई कोणाला तरी शिव्या देत होती. मग तो पायऱ्या उतरला.

जीप उन्हात तापली होती. झुलाल पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसला आणि समोर रस्त्याकडे पाहत राहिला.

"बाकीचे?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नाहीत."

झुलालकडचं दार नीट लागलं नव्हतं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली आणि ते ओढून घ्यायला त्याच्या तोंडासमोरून झटकन हात पलीकडे नेला. झुलालचे डोळे मिटले. मान खांद्यांत गेली.

दार लागलं. ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि गाडी पारोळ्याच्या दिशेला वळवली. त्याला बैलांतलं काही कळत नव्हतं.