चौदा फेऱ्या

"चार नंबर, टाच रेषेच्या आत," राजेश्री म्हणाली आणि चौथ्या चौकोनात बसलेल्या मुलीनं पाय आत ओढला.

मुलींना नावं होती. हजेरीपटावर राजेश्री ती स्वच्छ अक्षरात लिहायचीही. पण मैदानावर ती कुणाला नावानं हाक मारत नसे. जी ज्या चौकोनात बसेल तो तिचा नंबर. सात वर्षं हीच पद्धत होती. प्राचार्य बन्सीधर सर पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "आमच्या मॅडमचं काम मिलिटरीसारखं असतं."

सकाळचे पावणेसात झाले होते. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेषा दवानं अजून ओलसर होत्या. खो-खोचं मैदान सत्तावीस मीटर लांब, सोळा रुंद. दोन टोकांना दोन खांब आणि मधल्या पट्टीत आठ चौकोन. वालूरच्या या महाविद्यालयात आल्यापासून तिनं हे मैदान दर आठवड्याला सुतळी ताणून स्वतः आखलं होतं. परमेश्वर शिपाई म्हणायचा, "मॅडम, अंदाजानं मारा की फक्की, कोन मोजायलंय?" ती मोजायची.

आज अकरा वाजता तिची मुलाखत होती. पंधरा वर्षं ती तासिका तत्त्वावर होती. दर उन्हाळ्यात नेमणूक संपायची आणि नवा आदेश कधी जुलैत, कधी सप्टेंबरात निघायचा. मधल्या काळात ती महाविद्यालयाची कुणीच नसे. साहित्याच्या खोलीची किल्लीसुद्धा परमेश्वर द्यायचा नाही. "आदेश आल्यावर देतो बगा. माज्यावर येईल," म्हणायचा आणि खरंच ओशाळायचा. आता क्रीडा संचालकाच्या कायम पदाला मंजुरी आली होती. जागा एक, उमेदवार तीन. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ही शेवटची संधी होती. आज निवड झाली नाही, तर जूनपासून या मैदानावर दुसरं कुणी उभं राहणार होतं आणि तासिकेचीही गरज उरणार नव्हती.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका निवासी शाळेनं तिला बोलावलं होतं. राहायला घर, वर्षाचे बाराही महिने काम. तिचा नवरा योगीराज सेलूला बियाण्यांच्या दुकानात होता. त्यानं सामान न्यायला टेम्पोसुद्धा बघून ठेवला होता. राजेश्रीनं आयत्या वेळी नकार कळवला. इथली जागा निघणार आहे, असं तिनं कारण दिलं. "जागा तुला सोडंना का तू जागेला सोडंनास, ते तरी सांग," एवढंच योगीराज म्हणाला.

मुली खांबाला वळसा घालून पळत होत्या. कुंपणाच्या पलीकडून शेळ्यांच्या घंट्या वाजल्या, तशी राजेश्रीची पाठ ताठ झाली. केवळाबाई रोज याच वेळी शेळ्या घेऊन माळाकडे जायची आणि दिवस बुडताना याच वाटेनं परतायची. कुंपणाचा एक खांब पडला होता, तिथं ती थांबायची. आजही थांबली.

"आज हाय म्हनं तुमचं," ती म्हणाली.

"हो मावशी. अकरा वाजता."

"व्हईल. तुमी लय कष्ट घेतलेत पोरीसाठी." केवळाबाईनं काठीनं एका शेळीला मागं वळवलं. मग जरा थांबून, सहज बोलावं तसं म्हणाली, "आमच्या शालूनं बी घेतले व्हते."

राजेश्रीनं मान हलवली. शेळ्या पुढं गेल्या.

केवळाबाईची लेक शालू पहिल्यांदा दिसली तीही याच कुंपणापाशी, शेळ्यांमागं. बारावी करून तिचं शिक्षण सुटलं होतं. महाविद्यालयाच्या मुली पळायच्या तशी ती कुंपणाबाहेर पळायची आणि बाभळीच्या खोडाला खांब समजून सूर मारायची. राजेश्रीनं तिला आत बोलावलं. दोन वर्षं ती संघाबरोबर सराव करत राहिली. महाविद्यालयाच्या पटावर तिचं नाव नव्हतं, पण तिच्याइतकं चपळ कुणी नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. विद्यापीठाच्या स्पर्धेला चार दिवस असताना संघातल्या प्रियांकाला टायफॉइड झाला. त्याच आठवड्यात तेव्हाच्या प्राचार्यांनी राजेश्रीला केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं होतं, की सलग चार वर्षं निकाल शून्य आहे, जूनमध्ये संस्था दुसरा माणूस बघेल. राजेश्रीनं त्या संध्याकाळी प्रियांकाचं ओळखपत्र मागवून घेतलं. त्यावरचा फोटो झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखा काळपट होता. त्यात दोन वेण्या तेवढ्या दिसत होत्या.

प्रियांकाच्या जागी शालूला उतरवताना चेहऱ्याची भीती नव्हती, भीती नावाची होती. पंच कार्ड तपासताना नाव पुकारतात. मैदानावर मुली ओरडतात. एकदा चुकीच्या नावाला मान वळली, की सगळं संपलं. म्हणून राजेश्रीनं नियम केला. सगळ्यांनी शालूला प्रियांका म्हणायचं. मधेच कुणीतरी मुद्दाम 'शालू' म्हणून हाक मारायची. शालू वळली, की मैदानाला एक फेरी.

पहिल्या दिवशी शालूनं चौदा फेऱ्या मारल्या. मुली हसत होत्या, शालूही हसत होती. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी राजेश्रीनं स्वतः तिच्या पाठीमागं दोन हातांच्या अंतरावर उभं राहून दहा वेळा हाक मारली. शालूच्या मानेची शीरसुद्धा हलली नाही. राजेश्रीनं वहीत शून्य लिहिलं आणि तिला समाधान वाटलं.

अंतिम सामन्यात शेवटचा गडी खांबापाशी हुलकावण्या देत होता. शालूनं एका हातानं खांब धरून अंग आडवं फेकलं आणि बोटांच्या टोकांनी त्याला गाठलं. महाविद्यालयाचं ते पहिलं आणि एकमेव अजिंक्यपद. पेपरात प्रियांकाचं नाव आलं. शालूनं ते कात्रण मागून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, माजं नाव कवा येईल?"

"जूनमध्ये तुझा प्रवेश करू. मग तुझ्याच नावावर खेळ," राजेश्री म्हणाली होती. आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं.

त्या वर्षी आदेश सप्टेंबरात निघाला. तोवर राजेश्री सेलूला घरी बसून होती. प्रवेश कधीच बंद झाले होते. परमेश्वरानं नंतर सांगितलं, की ती पोरगी जून-जुलै रोज फाटकापाशी यायची, मॅडम आल्या का विचारायची. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. चार वर्षांनी ताप डोक्यात गेल्याचं निमित्त होऊन ती परभणीच्या दवाखान्यात वारली.

राजेश्री भेटायला गेली तेव्हा केवळाबाई रडली नव्हती. तिनं तिला चहा दिला आणि सांगितलं, "डाक्टर म्हनले, हाका मारा, शुद्धीवर येईल. आमी शालू, शालू करून घसे सुकवले. न्हाई वळली. मग मला काय सुचलं काय म्हाईत, मी प्रियांका म्हनले. तवा तिनं डोळे उघडले बगा. येकदाच."

त्या संध्याकाळपासून राजेश्रीनं मैदानावर नाव घेणं सोडलं.

साडेदहाला तिनं साडी बदलली आणि फाइल उघडली. त्या सामन्यानंतरचा फोटो वरच होता. बारा मुली, ढाल, आणि कडेला एकीनं मान फिरवलेली. तशी फिरवायला राजेश्रीनंच सांगितलं होतं. तिनं फोटो बाहेर काढून टेबलावर ठेवला. मग उरलेली पानं चाळली. सहभागाची प्रमाणपत्रं, पंच परीक्षा, वार्षिक अहवाल. बाकीच्या दोघांकडंही हे सगळं असणार होतं. परमेश्वर दारातून म्हणाला, "मॅडम, बोलवायलेत." तिनं फोटो परत फाइलमध्ये घातला.

समितीत पाच जण होते. बन्सीधर सरांनी ओळख करून दिली. दोघांनी नियम विचारले, तिनं मापांसकट सांगितले. मग बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी फाइल पुढ्यात ओढली आणि फोटोवर त्यांचं बोट थांबलं. केस पांढरे झालेल्या, आवाज मऊ असलेल्या बाई होत्या.

"या सामन्याला मी पंच होते," त्या म्हणाल्या. "खांबावरचा तो सूर मी आजही मुलींना सांगते. असा सूर मी नंतर पाहिला नाही." त्यांनी चष्मा काढला. "प्रियांका ना ती? काय करते हो आता?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. राजेश्रीला वाटलं, दाराशी कुणीतरी पाठमोरं उभं आहे आणि आपल्या हाकेची वाट बघत आहे.

"पोलिसात आहे," ती म्हणाली. "परभणीला. खेळाडूंच्या कोट्यातून लागली."

प्रियांकाबद्दल यातला शब्दन् शब्द खरा होता.

"लग्न वगैरे?"

"झालं. दोन मुलं आहेत."

"वा," बाई म्हणाल्या. त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसलं. "बघा सर, एका मुलीचं आयुष्य उभं राहतं. याला म्हणतात काम." बन्सीधर सर हसले. फाइल मिटली गेली.

चार वाजता निवड जाहीर झाली. परमेश्वरानं पेढे आणले आणि साहित्याच्या खोलीची किल्ली दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. "ही आता तुमच्यापाशीच ठिवा मॅडम. मला मागायची गरज न्हाई." योगीराजचा फोन आला. तो बोलता बोलता मधेच गप्प झाला, तेव्हा तो रडत असावा, असं तिला वाटलं. तिनं मनात हिशेब केला. साठाव्या वर्षापर्यंत एकोणीस वर्षं. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, हेच मैदान.

संध्याकाळी मुली पाया पडून, पेढे खाऊन घरी गेल्या. राजेश्री एकटीच मागं राहिली. मुलींच्या पायांनी रेषा पुसट झाल्या होत्या. उद्या आखता आल्या असत्या, तरी तिनं सुतळी ताणली, फक्कीचं घमेलं घेतलं आणि एकेक चौकोन पुन्हा भरून काढला. आठवा चौकोन संपवून ती खांबापाशी सरळ उभी राहिली. ऊन कलंडलं होतं. खांबाची सावली रेषेच्या बाहेर गेली होती.

"शालू," ती पुटपुटली. मग तिनं मैदानावर मारतात तशी मोठ्यानं हाक मारली. "शालू."

घंट्या वाजत होत्या, त्या थांबल्या. कुंपणाच्या पडक्या खांबापाशी केवळाबाई उभी होती. शेळ्या तिच्या पायांशी दाटल्या होत्या. तिनं राजेश्रीकडे पाहिलं नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून ती मैदानाच्या त्या टोकाच्या खांबाकडे पाहत होती, कुणी वळतं का ते.

थोड्या वेळानं तिनं काठी उचलली आणि शेळ्या गावाकडे वळवल्या. राजेश्रीनं घमेलं खाली ठेवलं, चपला खांबापाशी काढल्या आणि साडीचा पदर कमरेला खोचला. बाहेरच्या रेषेवरून ती पळू लागली. पहिली फेरी पूर्ण झाली तेव्हा तिनं ती बोटावर मोजली.