टोचायची जागा

सुई आत गेली, पण दट्ट्या पुढे सरकेना. न्हाणीघरातल्या पालथ्या बादलीवर बसल्या बसल्या मास्तरांनी दात आवळून पुन्हा दाबलं, तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. औषध जिथल्या तिथे. शेवटी त्यांनी सुई उपसली. मागोमाग रक्ताचा एक थेंब आला आणि डाव्या मांडीवरून सावकाश गुडघ्याकडे निघाला.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. आयुष्य सुईवर काढलेला माणूस. एकाच जागी उसवून उसवून शिवलं की कापड दम सोडतं, हे गिऱ्हाइकाला सुनावताना त्यांचा आवाज चढायचा. स्वतःच्या मांडीला मात्र त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

डोक्यातल्या एका ग्रंथीचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, पण पुरुषाच्या अंगात जे टेस्टोस्टेरॉन आपोआप तयार होतं, ते मास्तरांच्या अंगात तयार होईना. ते बाहेरून भरावं लागे. नाही भरलं, तर मास्तर ओल्या फडक्यासारखे पडून राहत. डॉक्टरांनी घरीच टोचायला शिकवलं आणि बजावलं, जागा बदलत राहा. ते खातं बायकोकडे होतं. "आज डावी," ती म्हणायची, की मास्तर निमूट भिंतीकडे तोंड करून कंबर पुढे करत. पुढच्या खेपेला उजवी. मग ती गेली. कंबर तिची, तिथे आपण हात लावायचा नाही, असं काहीसं मास्तरांच्या मनाने घेतलं. उजवा पाय मशीनच्या पायट्याला लागायचा, तो दुखावून भागणार नव्हतं. उरली डावी मांडी. गरीब बिचारी कुणीही हाका, तशी.

बाहेर मेहुण्याचा आवाज आला. मास्तरांनी सुईला टोपण लावलं, सिरिंज फडताळात सरकवली आणि पँट वर ओढली.

मेहुणा आज आईला न्यायला आला होता. सासूबाई लेकीच्या आजारपणात आल्या, त्या लेक गेल्यावरही राहिल्या होत्या. जावई-सासू एका घरात दोन पाहुण्यांसारखे वागत. पण संध्याकाळी दुकानातून परतल्यावर आत दिवा लागलेला दिसायचा. तेवढ्यासाठी मास्तर सध्या परत येत होते. हे मेहुण्याला सांगणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

"भावोजी, डब्यांना कुलपं लावायचीत की नाही?" मेहुणा साखर तपासायचं यंत्र नाचवत म्हणाला. "बघा हा आकडा! डॉक्टर डोस वाढवतोय, आई डबे उघडतेय. चोराच्या हाती जामदारखाना दिलात तुम्ही."

"मी नाही काही खात," सासूबाई म्हणाल्या.

"हो ना. मुंग्या खातात आणि साखर तुझी वाढते."

निघायच्या आधी दोन घास खायचे म्हणून सासूबाईंनी इन्सुलिन काढलं आणि रोजच्यासारख्या ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जावयाने नजर वळवायची, हा रिवाज. पण आज मास्तरांची नजर वळली नाही. पाठमोऱ्या माणसाचं कोपर बघून बाहीचं माप सांगणारे ते. सासूबाईंचं कोपर काल जिथे होतं, परवा जिथे होतं, तिथेच, त्याच कोनात जाऊन थांबलं. अंगठा एकवार चाचपून फिरला असावा, कारण खांदा जरासा हलला. तसाच खांदा मास्तरांचाही हलायचा, बादलीवर बसल्यावर.

"त्या चोरून खात नाहीत," मास्तर म्हणाले.

"मग? हवेतून वाढते?"

"जागा बदलत नाहीत टोचायची. गाठ झाली असणार. गाठीत टोचलेलं औषध अंगी लागत नाही धड."

"अरे वा! टेलरचे डॉक्टर कधी झालात?"

"मलाही आहे तशीच. मांडीला."

"तुम्हालाही शुगर?" मेहुण्याचा चेहरा उजळला. "बोलला नाहीत कधी!"

मधुमेह हा चारचौघांत मिरवण्याजोगा आजार. एक 'हो' म्हटलं की संपलं असतं. मास्तर 'हो' म्हणालेही. पण मेहुणा हौशी. त्याने यंत्र पुढे केलं, मास्तरांचं बोट धरलं, टोचलं आणि आकडा बघून खट्टू झाला.

"ही तर माझ्याहून चांगली. टोचता काय मग तुम्ही?"

सासूबाई ओट्याकडे तोंड करूनच उभ्या होत्या. त्यांची मान खाली होती. डबे चोरून उघडणाऱ्या बाईची असावी तशी. मास्तरांनी त्या मानेकडे पाहिलं.

"पुरुषाचं औषध," ते म्हणाले. "अंगात बनतं ना, ते. माझ्यात बनत नाही. ऑपरेशन झाल्यापासून."

मेहुणा हा लग्नात, बारशात आणि मयतीतही कोटी करणारा गृहस्थ. आज मात्र त्याने मास्तरांचं अजून धरलेलं बोट हळूच सोडून दिलं, दुसऱ्याची वस्तू जागेवर ठेवावी तसं.

"बरं," तो म्हणाला. "मग काय, तिकडे गेल्यावर बदलू जागा. त्यात काय एवढं."

"आधी डॉक्टरला सांगा. डोस वाढवलेला आहे. चांगल्या जागी टोचला, तर साखर एकदम उतरेल."

"सांगतो." तो किल्ली शोधू लागला. "आई, चल."

सासूबाईंनी कसेबसे दोन घास पोटात ढकलले आणि चपला घातल्या. दारात त्या थबकल्या.

"तू हो पुढे. गाडी वळवून ठेव."

मेहुणा गेला. जिन्यातली त्याची पावलं कधी नव्हे इतकी हळू होती.

"मला जागा ती सांगायची," सासूबाई जिन्याकडे बघत म्हणाल्या. "आंघोळीतून ओरडायची, आई, आज उजवीकडे. मला काय कळत नव्हतं का? पण सवय झाली विचारायची. आता विचारायचं कोणाला?"

मास्तरांची नजर न्हाणीघराकडे गेली.

"तुमचं झालं का आज?"

"नाही गेलं."

"कंबरेला घ्या. उजवीकडे. शेवटचं तिने डावीकडे दिलं होतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"भिंत केवढीशी आहे, जावईबापू."

"मागे हात पोचत नाही माझा."

"मागे कोण म्हणतंय? बाजूला, हाडाच्या खाली. नर्स तिला दाखवत होती तेव्हा मी तिथेच होते. आणि सुई नवी घ्या."

मास्तर न्हाणीघरात गेले. सासूबाई दाराकडे पाठ करून बाहेर उभ्या राहिल्या. आत हाताने हाड चाचपलं. तिथली कातडी मऊ होती, बोटाला अनोळखी वाटावी इतकी. सुई गेली. दट्ट्या लोण्यात गेल्यासारखा सरकला, आणि मास्तरांनी नळ सोडला, तो बराच वेळ बंद केला नाही.

"झालं?" बाहेरून विचारणा झाली.

"झालं."

ते तोंड पुसत बाहेर आले. खाली हॉर्न वाजला.

"तुम्ही उद्या उजवीकडे," मास्तर म्हणाले. मग पुस्ती जोडली, "डॉक्टरला विचारून. पण उजवीकडे."

"उद्याचं उद्या सांगा," सासूबाई म्हणाल्या, आणि वाकून चपला काढू लागल्या.