लोकसंख्येची पाटी

शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला आपण काढलेलं अक्षर सरळ आहे की वाकडं, ते कळत नाही. नाकासमोर नुसता काळा रंग दिसतो. म्हणून मी पाटी रंगवायला चढलो की माझी बायको खाली उभी असायची. एका हाताने शिडी धरायची, दुसऱ्या हाताने डोळ्यांवर सावली करायची आणि मान मागे टाकून सांगायची, "अहो, डावीकडे उतरतंय."

मी वैतागायचो. मिसरूड फुटल्यापासून पाट्या रंगवतोय आणि ही मला शिकवणार! मग खाली उतरून बघायचो तर खरंच उतरत असायचं. माझा हातच तसा आहे. या गावातल्या निम्म्या पाट्या माझ्या आहेत, आणि त्यातल्या ज्या सरळ आहेत त्या तिच्यामुळे.

आमचं गाव पाहुण्यांवर जगतं. एक तळं आहे, भोवती डोंगर आहेत आणि डोंगर बघायला खालून माणसं येतात. ती आली की हॉटेलवाला कमावतो, होडीवाला कमावतो आणि मग त्यांना नवी पाटी रंगवून घ्यायची हौस येते. साथ आली तेव्हा सगळंच थंडावलं. होड्या काठावर उपड्या पडल्या. त्या दिवसांत मला एकच काम मिळालं, तेही सरकारी. कचेरीसमोर एक मोठी पाटी होती, 'साथीने झालेले मृत्यू', आणि पुढे शिपाई रोज खडूने आकडा लिहायचा. रोज शून्यच. साहेब म्हणाले, "पेंटर, खडू पुसला जातो. रंगानेच काढून टाका."

मी काढलं. चांगलं गरगरीत, एका दमात फिरवलेलं. बायको खालून म्हणाली, "शून्यात काही डावं-उजवं करता आलं नाही वाटतं तुम्हाला." मग शिडी उचलताना म्हणाली, "बरंय, कोणी गेलं तर तुम्हाला परत काम मिळेल." आम्ही दोघंही हसलो. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि मला ते आवडायचं.

पुढच्याच महिन्यात ती गेली. त्याच साथीने, गावातल्याच दवाखान्यात. मला आत सोडत नव्हते, मी व्हरांड्यात खिडकीच्या काचेला नाक लावून उभा असायचो. शेवटी बघितली तेव्हा तिने पडल्या पडल्या हात वर केला आणि पंजा तिरका करून दाखवला. मला वाटलं काहीतरी मागतेय. मग काचेत माझंच तोंड दिसलं. मास्क डावीकडे उतरला होता.

त्यानंतर मी कामाचं निमंत्रण येणार असल्यासारखी वाट बघत बसलो. आता कचेरीतून बोलावणं येणार, शून्याचा एक करायला. मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन ठेवला. आपल्याच बायकोचा आकडा आपल्याच हाताने काढायचा हे सोसवत नव्हतं, आणि दुसऱ्या कोणी काढावा हेही सोसवत नव्हतं. बोलावणं आलं नाही. शून्य तसंच राहिलं. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'शून्य मृत्यूंचं गाव'. हंगाम उघडला आणि पाहुणे त्या शून्याशेजारी उभे राहून फोटो काढायला लागले.

मी कचेरीत गेलो. साहेब तसा वाईट माणूस नाही. उठून उभा राहिला, पाणी दिलं.

"काका, तुमच्या मंडळींच्या कार्डावरचा पत्ता गावातला नाही," तो म्हणाला. "खालच्या शहरातला आहे. नियम असा आहे की कार्डावरचा पत्ता जिथला, मोजणी तिथली. त्या तिकडे धरल्या गेल्या असतील."

तो तिच्या माहेरचा पत्ता. लग्नानंतर तिने आडनाव बदललं, मला बदलायचा प्रयत्न केला, पण पत्ता बदलला नाही. "तुमच्या घरात सगळं तुमचंच आहे, एवढं एक माझं राहू दे," म्हणायची. आणि गंमत अशी, की उभ्या जन्मात ती एकदाही माझ्यावर रुसून माहेरी गेली नाही. मी रुसण्यासारखं कमी वागलो अशातला भाग नाही. जी जिवंतपणी गेली नाही, तिला या लोकांनी मेल्यावर माहेरी धाडलं.

"पण साहेब, शिरगणतीला आले होते तेव्हा तिला इथलीच धरली होती. मतं मागायला यायचे तेव्हा ती इथलीच होती."

"लोकसंख्या वेगळी, काका. साथीची आकडेवारी वेगळी." तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागल्या होत्या. "आत्ता कुठे माणसं यायला लागलीत. एक आकडा लावला की दुसऱ्या दिवशी खोल्या रद्द होतात. मला वरून विचारतात. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

मी पाण्याचा पेला टेबलावर ठेवून उठलो. गाड्यांतून उतरणाऱ्यांवरच माझंही पोट भरत होतं.

घरी येऊन तिच्या भाच्याला फोन केला. तो भला मुलगा, त्याने तिथल्या कचेरीत खेटे घातले. "काका, ते म्हणतात आत्या इथे वारलीच नाही, तर आम्ही कशी मोजू? आणि घर तर आपण केव्हाच विकलं. त्या पत्त्यावर आता चपलांचं दुकान आहे."

म्हणजे ती धड इथे नाही, धड तिथे नाही. मी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसून राहिलो. घरात माझ्याशी वाद घालायला कोणी नव्हतं. एकट्या माणसाच्या घरात वस्तू जिथे ठेवाव्या तिथेच राहतात, आणि त्याचाच मला संताप यायला लागला होता.

शेजारी औषधाचं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही तळ्यात दगड मारायचो. त्याची आई त्याच दिवसांत गेली होती, तीन दिवस धाप लागून. मी त्याच्याकडे मन मोकळं करायला गेलो. म्हटलं, "आपण दोघं जाऊ. दोघांचं बोलणं ऐकतील."

तो गोळ्यांची पाकिटं लावत राहिला. "आईचं हृदय बंद पडलं, पेंटर. डॉक्टरनेच लिहून दिलंय."

"अरे, हृदय बंद पडल्याशिवाय कोण मरतं?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो हळू आवाजात म्हणाला. दुकानात एक पाहुणी टोपी घालून उभी होती, उन्हाचं मलम मागत. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. कशाला बोभाटा करतोस?" आणि त्याने कानावर हात ठेवले. त्या दिवसापासून मी औषधं सुद्धा दुसरीकडून आणायला लागलो. बोलायला एक माणूस होता, तोही गेला.

गावाच्या तोंडाशी, घाट संपतो तिथे, आणखी एक पाटी आहे. वर गावाचं नाव, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची, त्याखाली लोकसंख्या. शिरगणतीनंतर ती मीच रंगवली. ८,६४३. तेव्हा बायकोने खालून विचारलं होतं, "यात मी कुठे?"

"त्या शेवटच्या तीनात आहेस," मी म्हटलं.

"आणि तुम्ही?"

"शेजारीच."

ते बोलणं मला फोननंतर आठवलं आणि डोक्यातून जाईना. साहेब म्हणाला होता, लोकसंख्या वेगळी. ठीक. मग लोकसंख्येतून तरी तिला कोणीतरी उतरवून घ्यायला हवं. नाहीतर ती तिथेच, त्या तीनात, उन्हापावसात उभी राहणार आणि ती गेली हे जगात कुठेही लिहिलेलं असणार नाही.

भर दुपारी शिडी घेऊन गेलो. लपायची गरज नव्हती. शिडीवरच्या रंगाऱ्याला कोणी काही विचारत नाही, उलट गाड्या जरा बाजूने नेतात. पांढऱ्याचा हात मारून तीन झाकला, वाळेपर्यंत दगडावर बसलो, मग दोन काढला. ८,६४२. खाली उतरून स्वतःच बघितलं. डावीकडे उतरत होता. परत चढलो, पुसला, परत काढला. चार वेळा वर-खाली केलं तेव्हा सरळ झाला. शिडी धरणारं कोणी नसल्यामुळे ती सारखी हलत होती. मग रस्त्याच्या कडेला बसून मी रडलो, पाहुण्यांच्या गाड्या जात होत्या तरी.

त्यानंतर त्या बाजूला जायचं टाळलं. तळ्यावरच्या एका हॉटेलाचं काम आलं, तिकडे रमलो, म्हणजे रमल्यासारखं केलं. बऱ्याच दिवसांनी खालून रंगाचे डबे घेऊन बसने परत येत होतो. घाट संपला आणि खिडकीतून पाटी दिसली. ८,६४०.

मी डोळे चोळले. शून्य कुणीतरी चेपलेल्या डब्यासारखं काढलं होतं. पहिली गोष्ट सांगतो ती खरी सांगतो, मला राग आला. माझ्या पाटीवर हे कुणी केलं? ब्रश धरता येत नाही तर हात कशाला लावता? घरी पोचेपर्यंत चरफडत होतो. जेवताना घास हातात राहिला. ते अक्षर वाईट होतं, पण ती वजाबाकी होती. दोन माणसं.

पुढच्या आठवड्यात मुद्दाम बघायला गेलो. ८,६३८. तीन कसाबसा जमला होता, पण शेवटच्या आठाची शेपटी लोंबत पार चौकटीबाहेर गेली होती, आणि पांढरा म्हणून भिंतीचा चुना फासला होता, तो आत्ताच सुटायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा, ब्रश आणि शिडी घेऊन निघालो. आकड्याला हात लावायचा नव्हता. फक्त तो नीट करायचा होता. माणसं गेली ती गेली, निदान त्यांचा आठ तरी आठासारखा दिसावा. चुना खरवडला, पांढरा मारला, वाळू दिला. परत चढलो आणि आठ काढायला लागलो, तेवढ्यात शिडी हलायची थांबली. कुणीतरी धरली होती.

खाली औषधवाला उभा होता. दुकान बंद करून आला होता, भर हंगामात.

"नीट चढ," तो म्हणाला. "पडलास तर तुला कुठल्या गावात मोजतील, काही सांगता येत नाही."

मी आठाचं वरचं टोक काढलं. मग तोच म्हणाला, "तो आठ माझा होता. आई, आणि होडीवाल्याचा भाऊ. त्याला शिडीची भीती वाटते म्हणून दोघांचं मीच केलं. त्याआधीचं शून्य कुणाचं, मला खरंच ठाऊक नाही."

"तरीच," मी म्हटलं. "असला आठ शाळेत काढला असतास तर छडी खाल्ली असतीस."

"खाल्लीच होती. तू शेजारी होतास."

मी ब्रश रंगात बुडवला. शेपटी जरा हळूच ओढली. मग वरूनच विचारलं, "बघ रे, कसा दिसतोय?"

तो एका हाताने शिडी धरून मागे झुकला आणि दुसऱ्या हाताने डोळ्यांवर सावली केली. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. उन्हात बघायचं तर सगळे तसंच करतात.

"पेंटर," तो म्हणाला, "डावीकडे उतरतोय."

मी खिशातून फडकं काढलं, आठ पुसला आणि पुन्हा काढायला घेतला.