एकवीस दिवसांची सवलत

आत्याने कोंबडीच्या पोटाखाली हात घातला, तशी कोंबडीने मनगटावर सणसणीत चोच मारली. तीन दिवस ती खुराड्याच्या कोपऱ्यातून हलली नव्हती. छातीवरची पिसं उपटून, दाण्याकडेही न बघता नुसती गुरगुरत होती. अंडी उबवायच्या खुळाने खुडूक बसली होती, यात शंकाच नव्हती.

अशा कोंबडीचं काय करायचं ते आत्याला पाठ होतं. तारेच्या पिंजऱ्यात कोंडायचं, खाली गवताची काडी ठेवायची नाही, पोटाला गार वारा लागू द्यायचा. चार दिवसांत खूळ उतरतं आणि बया पुन्हा अंडी घालू लागते. या वेळी मात्र तिने पिंजरा काढलाच नाही. हातातलं शिवणकाम बाजूला टाकून घरातली नऊ अंडी आणली आणि कोंबडीखाली सारली.

कारण आदल्या दिवशी भावाचा फोन आला होता. बायको वारली तेव्हा आठ महिन्यांची पोर त्याने बहिणीच्या ओटीत टाकली होती. एवढीशी म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. आता नऊ वर्षांनी दुसरं लग्न करून, घर थाटून झाल्यावर त्याला मुलगी आठवली होती. रविवारी न्यायला येतो म्हणाला. आत्या भांडली नाही. बाप तो, त्याच्यापुढे हिची काय प्राज्ञा. कोंबडी अंड्यांवर बसवली आहे, मुंगीला पिल्लं बघायची आहेत, एकवीस दिवस थांब, अशी थाप मारली. ती आज खरी करायची होती.

खरी तरी कसली? आवारात कोंबडाच नव्हता. पहाटे आरवतो म्हणून शेजारी कुरकुरले, तेव्हा गेल्या वर्षीच देऊन टाकला होता. या अंड्यांतून काही निघणार नव्हतं. पण भाऊ जन्मभर दुकानातली अंडी खाणारा, त्याला काय कळणार? मुदत संपली की अंडी नासली म्हणायचं आणि दुसरी ठेवायची. पुढचं पुढे.

ते दिवस आत्याने अधाशासारखे जगून घेतले. पोरीची वेणी दिवसातून दोनदा घातली, गिऱ्हाइकांचे ब्लाउज तसेच पडू दिले. मुंगी शाळेतून आली की खुराड्यात डोकावायची आणि काही न बोलता आत जायची.

बाविसाव्या दिवशी सकाळी भाऊ नव्या बायकोला घेऊन आला. ती कोंबड्यांत वाढलेली. चहासुद्धा न घेता परसात गेली. एक अंडं उचलून तिने उन्हात धरलं, कानाशी नेऊन हलवलं आणि आवारभर नजर फिरवली.

"वन्सं, कोंबडा कुठाय?"

आत्या तिच्या हातातलं अंडं परत घ्यायला गेली.

"कोंबडा नाहीये आमच्याकडे," मुंगीच म्हणाली. हातात बॅग घेऊन ती मागच्या दारात उभी होती.

"मग पिल्लं कशी होणार गं?" भावाने विचारलं.

"नाहीच होणार. मला पहिल्यापासून माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आत्याला तेवढे दिवस हवे होते." मग बापाची बाही धरून ती हळूच म्हणाली, "बाबा, झाले की एकवीस. आज नेणार ना नक्की?"

आत्याने पुढे होऊन मुंगीच्या हातातली बॅग घेतली. फोन आला त्याच दिवशी पोरीने ती भरून ठेवली असावी; वर धुळीचा थर होता. तो हाताने पुसून तिने बॅग भावाकडे दिली.